डोंग्यातली बाई

माझे यजमान शाळेतून कधी रिकाम्या हातांनी घरी आले नाहीत. भाजी किंवा मिठाई आणत असतील असं कुणाला वाटेल, तर तसं नव्हतं. कधी नांगराचा झिजलेला फाळ, कधी बैलगाडीच्या चाकाचा मधला लाकडी तुंबा, कधी कुणाच्या परसातून मागून आणलेला मोडक्या खाटेचा पाय. ते सगळं ओसरीवर एका रांगेत मांडून ठेवायचे आणि हातपाय धुऊन आल्यावर चहा घेत त्याच्याकडे बघत बसायचे. लग्न होऊन मी चांदा जिल्ह्यात आले त्या पहिल्या वर्षी या रांगेचा मला फार राग येई. ओसरी सारवायची तर दर वेळी ते सगळं उचलून अंगणात ठेवायचं आणि परत आणायचं.

ते चित्रकलेचे मास्तर होते. आमचं गाव ब्रह्मपुरी आणि मूल यांच्या मधलं, रेल्वेच्या छोट्या लायनीवरचं. चहूकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, दोन मोठे तलाव आणि बांध्या संपल्या की जंगल. आम्ही तेव्हा अजून मध्यप्रदेशातच होतो, आणि मालगुजारी, म्हणजे तिकडची जमीनदारी, नुकतीच गेली होती. मालगुजारांची जंगलं सरकारकडे आली होती. या गोष्टीचा आमच्या संसाराशी कधी संबंध येईल असं मला तेव्हा वाटलं नव्हतं.

एक दिवस त्या खाटेच्या पायाचा बगळा झाला. यजमानांनी त्याला फार काही केलं नव्हतं. वरच्या टोकाला पटाशीनं थोडी मान काढली होती, चोच तर जेमतेम. पण सकाळी दार उघडून मी ओसरीवर आले आणि क्षणभर खरंच वाटलं की तलावावरचा पक्षी चुकून आत आला. त्या दिवसापासून रांगेवरचा माझा राग गेला. मग तेच विचारायचे, "हा फाळ कशासारखा दिसतो?" आणि मी भाकरी थापता थापता उत्तर द्यायची.

माझ्याकडे एक डबा कॅमेरा होता. लग्नात मोठ्या भावानं दिलेला. एका रोलमध्ये आठ फोटो निघत, आणि रोल मागवायचा तर चांद्याच्या फोटोवाल्याला पत्र लिहावं लागे. तो रोल पाठवी, मी काढून परत पाठवी, आणि पंधरा दिवसांनी फोटो हातात पडत. आधी मी माणसांचे काढले. पण माणसं कॅमेरा बघितला की सावधानच्या पवित्र्यात उभी राहत आणि श्वास रोखून धरत. म्हणून मी वस्तूंकडे वळले. वस्तू आपल्या आपण असतात. पहिला फोटो अंगणातल्या दगडी उखळाचा. पाऊस पडून गेला होता, उखळात पाणी साचलं होतं आणि संध्याकाळचं ऊन तिरपं येत होतं. डबा कॅमेऱ्यानं फार जवळून काढता येत नाही, सगळं धुरकट होतं, म्हणून दोन पावलं मागे सरून काढला आणि फोटोवाल्याला लिहिलं की फक्त उखळाचा भाग मोठा करून द्या. त्यानं फोटोसोबत चिठ्ठी पाठवली, "बाई, हा तलाव कुठला? बघायला यावंसं वाटतं." मी ती चिठ्ठी घेऊन शाळेपर्यंत चालत गेले होते, यजमानांना दाखवायला.

दिवाळी झाल्यावर त्यांना तो डोंगा दिसला.

गावाबाहेरच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मासे मारणाऱ्या ढिवरांची दहा-बारा घरं होती. तिथे पाळीच्या उतरणीला, गवतात, एका सागाच्या खोडातून कोरलेला जुना डोंगा, मासेमारीची होडी, पालथा पडला होता. एक टोक कुजून गेलेलं, दुसरं टोक मात्र धडधाकट. यजमान रविवारी मला तिथे घेऊन गेले. डोंग्याभोवती दोनदा फिरले, मग एका बाजूनं त्याला उचलून जरासा तिरपा केला आणि म्हणाले, "हा उभा केला ना, तर डोक्यावरून पदर घेतलेली बाई आहे. पदर आहेच. आत फक्त चेहरा आणि हात काढायचे."

मी थोडं मान वाकडी करून पाहिलं. खरंच होतं ते. पोकळीच्या दोन्ही कडा पदराच्या काठासारख्या खाली आल्या होत्या.

"आता हा कापला जाणार," मी म्हटलं, "तर आधी आहे तसा याचा फोटो काढते." आणि मी काढला. रोलमध्ये उरलेले तीन फोटो सगळे त्या डोंग्यालाच गेले.

तिसरा काढत असताना मागून आवाज आला. "काय करून राह्यले जी तुमी इथी?"

डोक्यावर माशांची रिकामी टोपली घेतलेली एक म्हातारी बाई उभी होती. म्हातारी म्हणजे पन्नाशीची असेल, पण मी बावीस वर्षांची होते. डोंगा तिचाच होता. म्हणजे तिच्या नवऱ्याचा. दोन पावसाळ्यांमागे तो तापानं गेला, तेव्हापासून डोंगा तिथे पडला होता. दोन्ही मुलींची लग्नं झालेली, ती एकटीच राहायची आणि पुतण्यांनी धरलेले मासे बाजारात विकायची.

यजमान गडबडले. विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या वस्तूला हात लावला, याची त्यांना फार लाज वाटली. त्यांनी हात जोडून सगळं सांगितलं. लाकूड कोरतो, मूर्ती करतो, वगैरे. बाईला काही कळलं असं दिसलं नाही.

"जाळाले पायजे का?" तिनं विचारलं.

"नाही नाही. जाळायला नाही. याची बाई करायची आहे."

"डोंग्याची बाई?" ती हसली. समोरचे दोन दात नव्हते. मग हसू थांबवून ती डोंग्याजवळ गेली, त्याच्या कडेवरून हात फिरवू लागली. मला वाटलं आता नाही म्हणेल, आणि म्हणायलाच हवं होतं, नवऱ्याची एवढीच तर निशाणी. पण ती म्हणाली, "न्या गुरुजी. इथी सडूनच राह्यला. वाळवी खाईल त्याच्यापेक्षा न्या. पण हा पत्रा काढाचा नाई."

डोंग्याच्या कडेला, गाठीजवळ भेग गेली होती आणि तिच्यावर रॉकेलच्या डब्याचा पत्रा ठोकलेला होता. पाच खिळे. त्यातला एक वाकडा.

"माह्या घरवाल्यानं ठोकला," ती म्हणाली.

यजमानांनी पत्रा काढणार नाही असं वचन दिलं. परत येताना मला वाटलं, मनावरचं एक ओझं गेलं. ती रागावली असती तर आम्ही त्या पाळीवर परत तोंड दाखवू शकलो नसतो.

त्यानंतर चार महिने आमच्या मागच्या अंगणात सागाचा भुसा उडत होता. कुजलेलं टोक कापून टाकल्यावर पुरुषभर उंचीचा तुकडा राहिला. यजमान शाळा सुटली की पटाशी घेऊन बसत. बाजाराच्या दिवशी ती बाई टोपली घेऊन आमच्याकडे येऊ लागली. उरलेले मासे असले तर माझ्या हातात देई, आणि मग पाणी पिऊन अंगणात बसे. कोरकाम बघत राही. एकदा चेहरा बऱ्यापैकी दिसू लागला तेव्हा तिनं विचारलं, "गुरुजी, ही मी नोहोय ना?"

"नाही बाई. कुणीच नाही."

"मंग बरं हाय," ती म्हणाली, आणि पायांवर पाय टाकून निवांत बसली.

यजमानांना सगळ्यात त्रास त्या पत्र्यानं दिला. तो बरोबर खांद्यावर येत होता. लोकांना वाटेल मूर्ती फुटली म्हणून डागडुजी केली, असं ते म्हणायचे. एकदा तर चिडून म्हणाले, "काढूनच टाकतो. तिला काय कळणार?" मी म्हटलं, "तिला पहिल्यांदा तेच कळेल." दुसऱ्या दिवशी त्यांनी पत्रा तसाच ठेवून पदराची एक घडी त्याच्याखालून नेली. पत्रा ठिगळासारखा दिसू लागला. गरीब बाईच्या लुगड्याला असतं तसं.

शिमगा जवळ आला होता तेव्हा चांद्याहून त्यांच्या एका मास्तर मित्राचं पत्र आलं. एका शाळेच्या मोठ्या दालनात जिल्ह्यातल्या मास्तरांच्या चित्रांचं प्रदर्शन भरवायचं होतं. यजमान जायला तयार नव्हते. "त्यांना निसर्गचित्रं हवीत. हे काय दाखवू?" मीच हट्ट धरला. मीच म्हटलं की मूर्ती ठेवा आणि शेजारी मी काढलेला डोंग्याचा फोटो मोठा करून लावा, म्हणजे लोकांना कळेल आधी काय होतं. फोटोवाल्यानं मोठा करून पाठवलाही. चित्रकलेच्या वहीच्या पानाएवढा. पत्रा, खिळे, गवत, सगळं त्यात स्पष्ट आलं होतं. तो मी दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधून पिशवीत ठेवला.

सकाळच्या गाडीनं जायचं होतं. मूर्तीला तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, आणि गोणपाट गुंडाळून आम्ही बैलगाडीनं स्टेशनवर आलो. ती बाईही आली होती. डोंगा गाडीत बसलेला पाहायचा, असं तिनं आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं.

पार्सलच्या बाबूनं गोणपाटाच्या फटीतून बोट घातलं. "काय हाय मास्तर हे?"

"मूर्ती आहे. लाकडी."

"लाकूड कोणतं?"

यजमानांनी साधेपणानं सांगितलं, "साग."

बाबूनं पेन खाली ठेवलं. "मंग पास दाखवा जंगल खात्याचा."

पास कसला, हे आम्हाला माहीतच नव्हतं. तो बिचारा वाईट नव्हता. त्यानं समजावून सांगितलं की सागाचा तुकडा जरी गाडीत चढवायचा तरी पास लागतो आणि लाकडावर जंगल खात्याच्या हातोड्याचा ठसा लागतो. नाहीतर ते चोरीचं लाकूड. "मी पावती फाडली तर माहीच नोकरी जाईल," तो म्हणाला. आणि मग आवाज खाली आणून, "तुमची बी जाईल मास्तर. परवाच एकावर केस झाली."

स्टेशनाला लागूनच जंगल खात्याचा डेपो होता. लाकडांच्या थप्प्यांमध्ये खाकी कपड्यातले रेंजर साहेब उभे होते आणि त्यांनी आमचं गोणपाट केव्हाच पाहिलं होतं. ते आमच्याकडे चालत येऊ लागले, तेव्हा मी यजमानांकडे बघितलं. त्यांचा चेहरा पार उतरला होता. शाळेतली नोकरी हेच आमचं सगळं होतं. आणि हट्ट माझा होता. मूर्ती अंगणात राहिली असती तर कुणी काही विचारलं नसतं.

"खोला," साहेब म्हणाले.

गोणपाट सोडलं. तणीस खाली पडलं. साहेबांनी खिशातला चाकू काढून मूर्तीच्या पायथ्याशी एक बारीकशी कपची काढली आणि नाकाला लावली. "साग आहे. आणि उत्तम साग आहे. कुठून आणला?"

"जुना डोंगा होता साहेब. तलावावर पडलेला."

"असं सगळेच सांगतात. कुणी जुनी गाडी सांगतो, कुणी जुनं दार. डोंग्याचा कागद आहे?"

"कागद कसला असणार? मालगुजाराच्या काळातला डोंगा—"

"म्हणजे नाही."

मी पिशवी उघडली. पुठ्ठ्यांची दोरी सुटेना, शेवटी दातांनी सोडली. फोटो पुढे धरून मी म्हटलं, "साहेब, हाच डोंगा. कापायच्या आधी मी काढलाय."

त्यांनी फोटो घेतला, पण नजर फिरवून परत देऊ लागले. "बाई, डोंगे सगळे सारखेच दिसतात. ही मूर्ती याच डोंग्याची कशावरून?"

उत्तर त्या बाईनं दिलं. इतका वेळ ती टोपली पायाशी ठेवून उभी होती. ती पुढे आली आणि मूर्तीच्या खांद्यावर बोट ठेवून म्हणाली, "हे पाहा ना साहेब. हा पत्रा माह्या घरवाल्यानं ठोकला. मी धरला होता अन् तो ठोकत होता. हा खिळा वाकला, तवा हातोडी त्याच्या आंगठ्यावर बसली. शिव्या मले दिल्या." मग फोटोकडे वळून, "इथी बी तोच हाय. वाकडाच हाय."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. मग फोटो उन्हात धरला. मूर्तीजवळ उकिडवे बसले. पत्र्याचा एक कोपरा तुटलेला होता, फोटोतही तुटलेला होता. खिळे मोजले, पाच. वाकडा खिळा वरून दुसरा. मग त्यांनी पत्र्याखालून निघालेल्या भेगेवर नख टेकवलं आणि ती गाठीला वळसा घालून जाते तिथपर्यंत हळूहळू नेलं, आणि तसंच नख फोटोतल्या भेगेवरून नेलं. गाडी मागच्या स्टेशनवरून सुटल्याची घंटा झाली.

"हातोड्याचा ठसा खोटा मारणारे मी पाहिले आहेत," साहेब उठता उठता म्हणाले. "ही भेग खोटी कशी करणार?" आणि बाबूकडे वळून, "कागद आणा. मी लिहून देतो. जुनं लाकूड, तपासलं."

त्यांनी उभ्यानंच चार ओळी लिहिल्या, सही केली, बाईचा अंगठा घेतला. मला फोटो परत देताना म्हणाले, "हा जपून ठेवा. आणि मास्तर, पुढच्या वेळी आधी माझ्याकडे या." मग जाता जाता थांबले, मूर्तीला एकदा समोरून, नीट, पाहून घेतलं. सागाचा तुकडा म्हणून नव्हे. "कुणाची मूर्ती आहे ही?"

"कोणाचीच नोहोय," बाईनं सांगून टाकलं.

साहेब हसले. ते हसल्यावर यजमान हसले, आणि मी स्टेशनच्या बाकावर बसले. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी हसतही होते. बाबूनं स्वतःच्या मडक्यातलं पाणी आणून दिलं. इतकं गार पाणी मी त्यानंतर प्यायले नसेन.

गाडी आली. मूर्ती पार्सलच्या डब्यात चढली. आम्ही आमच्या डब्यात बसलो, आणि बाईला निरोप द्यायला मी खिडकीतून हात काढला तर ती खाली नव्हती. ती दारातून आत येत होती, टोपलीसकट.

"मीबी येतो," ती म्हणाली. "तिथी बी कोणी विचारलं तं? तुमाले सांगता येणार नाई."

यजमान उतरून धावत तिचं तिकीट काढून आले. ती कधीच गाडीत बसली नव्हती. गाडी हलली तशी तिनं माझा हात घट्ट धरला, पण चार-सहा मैल गेल्यावर सोडून दिला आणि खिडकीतून पळस बघत बसली. सगळं जंगल लालेलाल झालं होतं. मूलच्या स्टेशनवर यजमानांनी चिवडा घेतला, आणि आम्ही तिघांनी एका कागदातून खाल्ला. सकाळपासून पोटात अन्न नव्हतं हे तेव्हा लक्षात आलं.

प्रदर्शन म्हणजे फार मोठं काही नव्हतं. भिंतींना दोऱ्या बांधून चित्रं लावलेली, बहुतेक झाडं, देवळं आणि किल्ल्याचा परकोट. मूर्तीला कोपऱ्यात जागा दिली, कारण तिला काय म्हणावं हे ठरवता आलं नाही. शेजारी मी फोटो लावला. लोक आधी मूर्तीसमोर थबकत, मग फोटोकडे जात, आणि मग परत मूर्तीकडे येत. दुसऱ्यांदा येताना चेहरा वेगळा असे. काहीजण अगदी जवळ जाऊन पदराच्या आत डोकावत, डोंग्याची पोकळी शोधत. आमचा फोटोवालाही आला. उखळाच्या फोटोची आठवण त्यानं काढली. त्याला मी पहिल्यांदाच प्रत्यक्ष पाहिलं, आणि तोही मला.

बाईला कुणीतरी खुर्ची दिली होती. पण ती जमिनीवरच, मूर्तीच्या पायाशी बसली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगत होती की हा डोंगा कुठल्या तलावावर चाले, त्यात एका वेळी किती माणसं बसत, आणि किती मोठा वाडगा जातीचा मासा एकदा त्यात उडी मारून आला होता. दुपारपर्यंत तिच्याभोवती घोळका झाला. यजमानांना कुणी काही विचारत नव्हतं आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. ते भिंतीला टेकून, हात मागे बांधून, बाईचं बोलणं ऐकत होते.

"गुरुजी," मधेच तिनं मोठ्यानं विचारलं, "त्या माशाचं बी काई करता येईल का?"

"करू ना बाई," ते म्हणाले. "लाकूड मिळालं की आधी रेंजर साहेबांना विचारू, मग करू."